पाय थकला की पेडल जड झाले?

परभणी जिल्ह्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव-गाव गाळून पत्राचा आशय येथे देत आहे.

“माझे वय ४६. वडिलांनी १९७४ साली घेतलेला महिंद्रा इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर पंधरा वर्षे गोठ्यामागे उभा होता. दोन वर्षे खपून मी आणि मिस्त्रींनी तो नव्यासारखा केला. इंजिन बांधले, ब्रेकला नवी लायनिंग घातली, सगळा ट्रॅक्टर खरवडून रंगवला, पेडल घासून चकचकीत केली आणि जुन्या लोखंडी सीटवर जाड फोमची गादी बसवली. अण्णांना, म्हणजे वडिलांना, तो अचानक दाखवायचा होता, म्हणून सारे काम तालुक्याच्या गावी केले. गेल्या पोळ्याला बैलजोड्यांच्या मागे ट्रॅक्टर मिरवणुकीत निघाला. मारुतीच्या देवळापुढच्या उतारावर मिरवणूक थांबली. अण्णांनी क्लच आणि ब्रेक दाबून धरले, तरी ट्रॅक्टर हातभर पुढे सरकला. पुढचे लोक बाजूला झाले, कोणाला लागले नाही. पण त्या दिवसापासून अण्णा ट्रॅक्टरवर चढलेले नाहीत. ‘पायात जोर ऱ्हायला नाही आता,’ एवढेच म्हणतात. त्यांचे वय ७१ आहे आणि उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. मिस्त्री म्हणतात, पेडलला पाइप वेल्ड करून ते लांब करू, म्हणजे हलके लागेल. धाकटा भाऊ म्हणतो, नव्या ट्रॅक्टरसारखे ऑइल ब्रेक बसवू. पत्नी म्हणते, आता अण्णांनी ट्रॅक्टर चालवूच नये. ब्रेक आरामात लागावा यासाठी यांतले काय करावे?”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मिस्त्री, भाऊ आणि पत्नी यांनी सुचवलेले तिन्ही मार्ग एकमेकांपासून बरेच दूर आहेत, परंतु तिघांनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली दिसते, ती म्हणजे दोष अण्णांच्या पायात आहे. एकाहत्तराव्या वर्षी पायातला जोर थोडा ओसरलेला असणार, हे मी नाकारीत नाही. मात्र ब्रेक जड लागण्याची निदान चार संभाव्य कारणे तुमच्याच पत्रात, तीही तुम्ही कौतुकाने लिहिलेल्या एका वाक्यात, ओळीने मांडलेली आहेत: नवी लायनिंग, नवा रंग, चकचकीत पेडल आणि जाड गादी. अण्णा पूर्वी हा ट्रॅक्टर चालवीत तेव्हा यांतले काहीच नव्हते. म्हणून यंत्र कापण्या-जोडण्याआधी, आणि माणसाला यंत्रावरून उतरवण्याआधी, जडपणा नेमका कोठे बसला आहे हे शोधावे, असे मला वाटते. तो शोध एका सकाळचा आहे आणि त्याला वेल्डिंग मशीन लागत नाही.

त्याआधी या ब्रेकची घडण समजून घेऊ, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. बी-२७५ हे मूळचे इंटरनॅशनल हार्वेस्टरचे, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे तयार होणारे मॉडेल. १९६३ साली महिंद्राच्या भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि हा ट्रॅक्टर मुंबईत तयार होऊ लागला. त्याच्या मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र पेडलांचे, कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले, डिस्क ब्रेक आहेत. ब्रेकच्या हाउसिंगमध्ये (बाहेरच्या पेटीत) लायनिंग, म्हणजे घासून पकड घेणारा थर, लावलेल्या दोन तबकड्या शाफ्टबरोबर फिरतात आणि त्यांच्यामध्ये लोखंडी पाटांची एक जोडी असते. या दोन पाटांच्या आतल्या बाजूस उतरते खळगे असून त्यांत छर्रे बसलेले असतात. पेडल दाबले की रॉड ओढला जातो, दोन्ही पाट एकमेकांविरुद्ध थोडेसे फिरतात, छर्रे खळग्यांच्या उतारावर चढतात आणि त्यामुळे पाट एकमेकांपासून दूर सरून तबकड्यांवर दाबले जातात. फिरती तबकडी मग पाटाला आपल्याबरोबर थोडे ओढते, छर्रे आणखी वर चढतात आणि दाब आपोआप वाढतो. म्हणजे पायाने फक्त सुरुवात करून द्यायची, पुढचा बराचसा दाब चाकाची गती स्वतःच निर्माण करते, अशी ही योजना आहे. असा ब्रेक सुस्थितीत असेल तर दोन्ही पायांनी उभे राहून दाबावा लागू नये. लागत असेल, तर पायापासून तबकडीपर्यंतच्या वाटेत कोठेतरी काहीतरी अडलेले आहे.

आता ती वाट तपासण्याची रीत. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद ठेवा आणि चारही चाकांना पुढून-मागून दगड लावा. एकदा रॉड सुटला की ट्रॅक्टरला ब्रेक राहत नाही, म्हणून हे आधी करावयाचे. दोन पेडलांना जोडणारी पट्टी उचलून पेडल सुटी करा. मग पेडलाला ब्रेकच्या रॉडशी जोडणारी पिन काढा. आता मोकळे झालेले पेडल हाताने दाबून पाहा. त्यामागे फक्त परतीची स्प्रिंग उरलेली आहे, त्यामुळे तळहाताच्या दाबाने ते खाली जायला हवे आणि सोडताच टकन वर यायला हवे. ते करकरत, चिकटत गेले किंवा अर्ध्यात राहिले, तर जडपणा पेडलाच्या शाफ्टमध्ये आहे. पेडल हलके असेल आणि पिन घातल्यावरच जड होत असेल, तर तो ब्रेकच्या हाउसिंगमध्ये आहे. एवढ्या एका पिनीने अर्धा निर्णय होतो, आणि मिस्त्रींनी पाइप आणण्याआधी हे करून पाहिले असते तर बरे झाले असते.

दोन्ही बाजूंची तुलना आकड्यांत करावयाची असेल तर घरातला कापूस मोजायचा स्प्रिंगकाटा घ्या. पिना परत जागेवर घाला, काट्याचा हुक पेडलाच्या टोकाला दोरीने अडकवा, पाय ज्या दिशेने दाबतो त्याच दिशेने ओढा आणि पेडल घट्ट होईपर्यंत काटा किती किलो दाखवतो ते लिहून ठेवा. डाव्याचा आकडा आणि उजव्याचा आकडा यांत ठळक फरक निघाला, तर दोष अण्णांच्या गुडघ्यात नाही हे त्यांनाही डोळ्यांनी दिसेल. माणसाच्या मनातून “माझा पाय गेला” हे काढायला समजुतीच्या शब्दांपेक्षा काट्यावरचा आकडा अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

माझा पहिला संशय रंगावर आहे. ट्रॅक्टर खरवडून स्प्रेने रंगवला की रंग पेडलाच्या बुशच्या (शाफ्टभोवतीच्या नळीच्या) फटीत, पिनेच्या भोकात, रॉडच्या आट्यांवर आणि ग्रीसच्या निपलवर, म्हणजे ग्रीस आत भरायच्या तोंडावर, सारखाच बसतो. वाळल्यावर निपलच्या टोकाची बारीक गोळी रंगाखाली जाम होते. ग्रीस गन लावून दाबली तर ग्रीस आत न जाता बाजूने बाहेर येते आणि पाहणाऱ्याला वाटते की भरपूर ग्रीस झाले. पंधरा वर्षे उभ्या असलेल्या शाफ्टवर आधीच गंज असतो, त्यावर रंगाची भर पडते. मी वर्कशॉपात काम करीत असताना ही चूक स्वतः केलेली आहे. ब्रेक जड लागतो म्हणून आलेल्या एका ट्रॅक्टरचे दोन्ही हाउसिंग उघडून मी नवी लायनिंग घातली, दोन दिवस घालवले, आणि पेडल होते तितकेच जड राहिले. आमच्याकडचा एक वयस्क मदतनीस चहा पिता पिता म्हणाला, “साहेब, पेडल तर जिथल्या तिथंच गंजलंय.” त्याने निपल बदलले, शाफ्टवर डिझेल सोडून पेडल शंभरेक वेळा वर-खाली केले आणि संध्याकाळपर्यंत ते हलके झाले. गिऱ्हाइकाकडून लायनिंगचे पैसे घेताना मला जी लाज वाटली ती अजून आठवते. तेव्हा तुम्हीही निपल काढून पाहा, टाचणीने गोळी दाबून पाहा, आणि शंका असेल तर सरळ नवे निपल बसवा. त्याची किंमत एका चहाच्या आसपास असते. शाफ्ट बाहेर काढून गंज पॉलिश पेपरने उतरवला, बुशमधला रंग खरवडला आणि ताजे ग्रीस भरले की पेडलात पडलेला फरक हाताला लगेच कळेल.

दोष हाउसिंगच्या आत निघाला तर मिस्त्रींना एक प्रश्न विचारा: लायनिंग बदलताना छर्ऱ्यांचे पाट उघडले होते का? बहुतेक ठिकाणी तबकड्या तेवढ्या बदलतात आणि पाटांची जोडी वरवर पुसून तशीच आत घालतात. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या खळग्यांत गंजाचे खड्डे पडलेले असतात. छर्रा त्या खड्ड्यात अडकतो, म्हणून पेडल सुरुवातीला दगडासारखे लागते. मग जोर वाढवला की तो खड्ड्यातून उडी मारल्यासारखा सुटतो आणि ब्रेक एकदम पकडतो. तुमच्या अण्णांचा ब्रेक “लागतच नाही किंवा एकदम लागतो” असा अनुभव असेल तर हीच खूण समजा. खड्डे वरवरचे असतील तर पॉलिश करून भागते, खोल असतील तर पाट आणि छर्रे दोन्ही बदलावे लागतात. येथे ग्रीसचा हात सैल सोडू नये. पेडलाच्या शाफ्टला ग्रीस पाहिजेच, पण हाउसिंगमध्ये भरलेले ग्रीस गरम होऊन लायनिंगवर उतरते.

तेलाचाही विचार करावा लागेल. ब्रेक आणि गिअरबॉक्सचे तेल यांच्यामध्ये केवळ एक ऑइल सील असते. सील जुने राहिले असेल तर तेल झिरपून नवी लायनिंगही भिजते, आणि मग ब्रेक पेडल जड नसूनही धरत नाही, त्यामुळे माणूस आपोआप अधिक जोर लावतो आणि त्याला पेडल जड वाटते. हाउसिंगच्या खालच्या कडेला काळा ओलसर डाग दिसतो का ते पाहा. भिजलेली लायनिंग पेट्रोलने धुऊन किंवा जाळून वापरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती आठ दिवस बरी चालते, पण आत मुरलेले तेल पुन्हा वर येते. सील आणि लायनिंग दोन्ही बदलणे हाच त्यावरचा इलाज आहे. ब्रेक उघडताना आतली भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट असते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. लायनिंग नुकतीच बदललेली असेल तर तिने पृष्ठभागावर सगळीकडे सारखी पकड घ्यायला थोडे दिवस लागतात, तोवर ब्रेक थोडा कमीच धरतो. तुमचा ट्रॅक्टर वर्कशॉपमधून निघाला आणि सरळ मिरवणुकीत गेला, असे पत्रावरून दिसते. मोकळ्या शेतात, हळू वेगात, वीस-पंचवीस वेळा हलकेच थांबवून ती लायनिंग आधी बसू द्यायला हवी होती.

गादीविषयी मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते, कारण तिचा ब्रेकशी संबंध आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. पायाचा खरा जोर मांडी आणि कंबर यांतून येतो, आणि तो पुरता मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात: कमरेला मागून टेकण, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर गुडघा जवळजवळ सरळ, अगदी थोडा वाकलेला. जुन्या लोखंडी सीटला मागे उचललेली कड होती. अण्णा वर्षानुवर्षे त्या कडेला कंबर रोवून ब्रेक दाबीत आले असणार, त्यांना स्वतःला ते सांगताही येणार नाही. चार बोटे जाडीचा फोम घातला की ती कड फोमखाली जाते, माणूस तेवढा वर आणि पुढे येतो, आणि ब्रेक दाबताना पेडल खाली जाण्याऐवजी तोच गादीत मागे रुततो. वर बसल्यामुळे पाय पेडलापर्यंत चवड्याने नव्हे तर बोटांनी पोचतो, टाच अधांतरी राहते. अशा बसण्यात तुमच्यासारख्या धडधाकट माणसालाही ब्रेक जड लागेल. इंजिन बंद ठेवून अण्णांना सीटवर बसवा, त्यांना दोन्ही पेडल दाबून धरायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून त्यांचा गुडघा पाहा. तो काटकोनाच्या आसपास वाकलेला असेल तर सीट मागे न्या. ताणून पाय टाकावा लागत असेल तर पुढे घ्या किंवा खाली करा. गादी ठेवायचीच असेल तर पातळ, कडक भरणाची घ्या आणि कमरेमागे टेकण राहील असे पाहा. दुखऱ्या गुडघ्याला याचा फायदा दुप्पट आहे, कारण वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटीखाली कळ येते आणि मेंदू पायाला आधीच आवरून धरतो. अर्थात गुडघ्याची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. सीट हलवणे हा गुडघ्यावरचा उपचार नव्हे.

चकचकीत पेडलांचे थोडक्यात. त्यांच्यावरच्या खाचा पाय घसरू नये म्हणून होत्या. तुम्ही त्या घासून काढल्या असतील तर त्यावर खाचांचे रबर बसवा. पाय घसरेल अशी धास्ती असली की माणूस पूर्ण जोर देत नाही. अण्णांच्या पायात त्या दिवशी बहुधा नवी चप्पल असेल. ट्रॅक्टरवर टाचेला पट्टा असलेले, खाचांच्या तळव्याचे पायताण घालावे आणि काळ्या रानातून आल्यावर तळव्याचा चिखल पायदानावर खरवडूनच पेडलावर पाय ठेवावा.

आता मारुतीच्या उतारावर काय झाले ते पाहू. तुम्ही लिहिता की अण्णांनी क्लच आणि ब्रेक दाबून धरले. क्लच दाबला की चाकांचा इंजिनशी असलेला संबंध तुटतो आणि ट्रॅक्टरचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. दहा फुटांत एक फूट उतार धरला तर वजनाचा साधारण दहावा हिस्सा ट्रॅक्टरला खाली ओढत असतो. दीड टनाच्या यंत्राला ती ओढ दीड क्विंटलची होते. ढोल-ताशा पुढे दहा मिनिटे अडला आणि तेवढा वेळ तुम्ही पायाने ही ओढ धरून बसला, तर पंचविशीतल्या गड्याचाही पाय थरथरेल. मिरवणुकीत ट्रॅक्टर सर्वांत खालच्या गिअरमध्ये, इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून चालवावा. तेवढ्या वेगात उतारावरही इंजिनच त्याला धरून ठेवते आणि ब्रेक नुसता टेकवावा लागतो. थांबणे लांबणार असे दिसले की पट्टीने दोन्ही पेडल जोडून, दाबून, पार्किंगच्या खटक्यात अडकवावीत, इंजिन बंद करून ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवावा आणि बरोबर चालणाऱ्याने चाकापुढे दगड लावावा. बैलगाडीला उतारावर दगड लावायला आपण लाजत नाही. ट्रॅक्टरला लावताना मात्र कमीपणा वाटतो, हे मला कधी समजलेले नाही.

हेच रस्त्यावरही लागू आहे. वेग दुप्पट झाला की थांबवण्याचे काम चौपट होते. ताशी दहा किलोमीटरवर जो ब्रेक हलका वाटतो तोच वीसवर अपुरा पडतो. मागे भरलेली ट्रॉली असेल तर तिला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, ती ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि वळणावर आडवी करते. मांजरसुंब्याच्या घाटासारखा उतार असो की गावच्या ओढ्याचा, गिअर उताराच्या आधी, माथ्यावरच कमी करावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे पुष्कळ आहेत. जुन्या ट्रॅक्टरचा गिअर मध्येच पुन्हा पडत नाही, आणि मग जे उरते ते फक्त पाय. तुमच्या ट्रॅक्टरला पुढे जाण्याचे आठ गिअर आहेत. योग्य गिअर धरून चालवणाऱ्याला ब्रेकची गरज थोडी पडते, आणि अण्णांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

मिस्त्रींच्या पाइपविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो बसवू नये. तरफ लांब केली की जोर कमी लागतो हे खरे, पण फुकट काही मिळत नाही. पेडल एक पंचमांशाने लांबवले तर जोर सुमारे एक षष्ठांशाने कमी होईल आणि पेडलाचा प्रवास मात्र एक पंचमांशाने वाढेल. लायनिंग थोडी झिजली की हेच पेडल ब्रेक पूर्ण लागण्याआधी पायदानाला टेकेल, म्हणजे जड ब्रेकच्या जागी न लागणारा ब्रेक येईल. शिवाय ऐन वेळी सगळा जोर ज्या ठिकाणी येतो तेथेच वेल्डिंगचा सांधा असेल. अडलेल्या शाफ्टवर लांब तरफ लावणे म्हणजे गंजाला बळ पुरवणे.

भावाने सुचवलेले ऑइल ब्रेक वाईट नाहीत. ते तेलात बुडालेले असल्यामुळे थंड राहतात, चिखल-पाण्याने बिघडत नाहीत आणि अधिक वर्षे टिकतात. ओढा ओलांडल्यावर तुमचे कोरडे ब्रेक भिजतात आणि हलके दाबत काही अंतर चालवून वाळवावे लागतात, तसे तेथे करावे लागत नाही. पण त्यांचे पेडल हलकेच असते हा गैरसमज आहे. तेही दांड्या-तरफांनीच दाबायचे असतील तर जोर लागतोच. त्यासाठी हाउसिंग, सील आणि शाफ्ट बदलावे लागतील, खर्च तुम्ही ट्रॅक्टरवर आजवर केलेल्या खर्चाशी स्पर्धा करील, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ घडणीपेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधने आहेत, हेही पाहावे लागेल. आणखी एक कारण माझ्या मनात आहे: १९७४ चा ट्रॅक्टर १९७४ सारखा चालावा म्हणूनच तुम्ही दोन वर्षे खपलात ना?

राहिला तुमच्या पत्नीचा सल्ला. तो धास्तीतून आला आहे आणि धास्ती अनाठायी नाही. मिरवणुकीत पुढे माणसे होती. त्यामुळे तो बाजूला सारू नका, फक्त त्याला कसोटी लावा. वर सांगितलेली दुरुस्ती झाल्यावर, इंजिन बंद ठेवून, अण्णांनी जोडलेली दोन्ही पेडल पूर्ण दाबावीत आणि मनाशी वीस आकडे मोजेपर्यंत धरावीत. थोडे थांबून पुन्हा धरावीत. असे पाच वेळा. पाचव्या वेळीही पाय न थरथरता, कळ न येता धरता आले तर सपाट शेतात, दिवसाउजेडी, ट्रॉलीशिवाय त्यांनी चालवायला हरकत नाही. तिसऱ्या वेळी पाय सुटला तर मात्र रस्ता, उतार आणि मिरवणूक या तिन्ही जागी त्यांनी चालवू नये, आणि ही गोष्ट तुम्ही त्यांना चारचौघांत सांगू नये. दोन्ही परिस्थितींत एक पथ्य कायम आहे: मडगार्डवर कोणालाही बसवायचे नाही, नातवालाही नाही. जुन्या ट्रॅक्टरवर उलटल्यास वाचवणारी चौकट नसते. मदतीला माणूस हवा असेल तर तो खाली, बाजूने चालणारा असावा.

पेडल जोडणाऱ्या पट्टीचा उल्लेख वर दोनदा आला, तो बाकीच्या वाचकांसाठीही नीट सांगतो. शेतात धुऱ्यावर आखूड वळण घेताना आतल्या चाकाचा एकच ब्रेक दाबायचा असतो, म्हणून पेडल दोन आहेत. तेथून निघून रस्त्याला लागण्याआधी पट्टी टाकून ती जोडलीच पाहिजेत. वेगात एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर त्या बाजूला गिरकी घेतो आणि उलटूही शकतो. जोडली तरी दोन्ही सारखी जुळवलेली असावी लागतात: कोरड्या, सपाट, मोकळ्या जागी हळू वेगात जोडलेला ब्रेक दाबा आणि दोन्ही चाकांचे ओरखडे पाहा. एकाच बाजूला ओरखडा उठला, किंवा स्टीअरिंग एका बाजूला ओढले, तर ज्या बाजूला पकड कमी आहे तिचा रॉड जुळवावा लागेल. दोन-तीन किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही हाउसिंगजवळ हात नेऊन पाहा. एक दुसऱ्यापेक्षा फारच तापलेले असेल तर तो ब्रेक पाय काढल्यावरही धरून बसतो आहे. हलके लागावे म्हणून पेडलाची मोकळी हालचाल पूर्ण काढून टाकणारे असतात, त्यांचे ब्रेक असेच घासत, तापत राहतात. किती हालचाल ठेवायची ते प्रत्येक मॉडेलच्या पुस्तकात दिलेले असते. ज्यांच्या जुन्या ट्रॅक्टरला ड्रम ब्रेक आहेत त्यांनी छर्ऱ्यांऐवजी बूट फाकवणारा कॅम आणि त्याची दांडी गंजली आहे का ते पाहावे. पिन काढून पेडल तपासण्याची रीत तीच. काही जुन्या घडणींत गैरसोय मुळातच आहे: फर्ग्युसन टीई-२० वर क्लच आणि डावा ब्रेक दोन्ही डाव्याच पायाच्या वाट्याला येतात, त्यामुळे ते एकदम दाबता येत नाहीत. तेथे दुरुस्ती करण्यासारखे काही नसते, आधी वेग कमी करून वळण्याची सवयच करावी लागते.

शेवटी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे वळतो: अण्णांना अचानक दाखवायचे होते, म्हणून काम त्यांच्यापासून लपवून केले. तुमची भावना मला कळते. पण ज्याने या ट्रॅक्टरवर नांगरटीचे इतके हंगाम काढले, त्याला पेडल किती दबायचे, सीट कोणत्या भोकात अडकायची, कोणता ब्रेक आधी पकडायचा, हे सगळे पायाने माहीत होते, आणि दोन वर्षांत त्यांना कोणी विचारले नाही. मग भर मिरवणुकीत त्यांना एक अनोळखी यंत्र हाती मिळाले. आता निपल बदलताना, पिन काढताना त्यांना बाजेवर बसवून बोलवा. “अण्णा, पहिलं पेडल असंच लागायचं का?” एवढाच प्रश्न विचारा आणि पान्हा त्यांच्या हातात द्या. कदाचित ते पहिल्या पाच मिनिटांत मिस्त्रींना आणि मला दोघांनाही चूक ठरवतील.

पिना परत घालताना जुन्या स्प्लिट पिना वापरू नका, नव्या घाला. आणि डाव्या-उजव्या पेडलांचे काट्यावरचे आकडे, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, मला कळवा.